अल्ट्रालाइट विमान व त्याची इंजिने

एकदोन माणसांना घेऊन कमी वेगाने उडणाऱ्या, अतिशय हलक्या इंजिनयुक्त विमानाला अल्ट्रालाइट म्हणतात. काही देशांत त्याचे नाव मायक्रोलाइट असे आहे. हलके म्हणजे नेमके किती, हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. अमेरिकेच्या १९८२ च्या नियमानुसार आसन एकच हवे, रिकामे वजन २५४ पौंडांच्या (सुमारे ११५ किलो) आत हवे आणि टाकीत पाच गॅलन, म्हणजे जेमतेम १९ लिटर पेट्रोल मावावे. या मर्यादेत बसणारे विमान उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. युरोपात दोन आसनी विमानेही याच वर्गात मोडतात.

या विमानांचे मूळ हँग ग्लायडरमध्ये, म्हणजे माणूस पंखाखाली लटकून उडतो त्या बिनइंजिनाच्या साधनात आहे. फ्रान्सिस रोगॅलो यांनी १९४८ मध्ये घडवलेल्या लवचिक कापडी पंखामुळे पुढे हा खेळ फोफावला, पण उडायचे तर टेकडी लागे. जॉन मूडी यांनी १९७५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ग्लायडरला साडेबारा अश्वशक्तीचे छोटे इंजिन बसवले आणि सपाटीवरून पायांनी धावत उड्डाण केले. टेकडीची गरज संपली ती त्या इंजिनाने.

पुढची बरीच वर्षे रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीच्या ४४७, ५०३ आणि ५८२ या ४० ते ६५ अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनांनी गाजवली. टू-स्ट्रोकमध्ये झडपांचा पसारा नसतो, दट्ट्या (पिस्टन) दर फेऱ्याला जोर देतो, त्यामुळे थोड्या वजनात भरपूर ताकद मिळते. मात्र ती मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. विमान ओढणारा वा ढकलणारा १.६ मीटर व्यासाचा पंखा (प्रोपेलर) तेवढ्या वेगाने थेट फिरवला तर त्याची टोके सेकंदाला ५४० मीटरच्या पुढे, म्हणजे ध्वनीहून कितीतरी वेगाने जातील. आवाज होईल, ओढ मिळणार नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालून पंख्याचे फेरे अडीचपट कमी करतात.

टू-स्ट्रोकचे खरे दुखणे उष्णता. वंगण पेट्रोलातूनच येते, बहुधा पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल या प्रमाणात. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडले की दट्ट्या तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. इंजिन ‘सीज’ होते. थंड इंजिन पुरते तापू न देता पूर्ण जोर दिला तरी हेच घडते, कारण दट्ट्या सिलिंडरच्या आधी फुगतो. म्हणून वैमानिक धुराचे तापमान दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवतो. स्पार्क प्लग काढून पाहणे तर फारच बोलके: टोक तपकिरी असले तर ठीक, पांढुरके असले तर उड्डाण रद्द करणेच शहाणपणाचे.

इंजिन थांबले तर वेळ फार थोडा मिळतो. विमान हलके आणि हवेचा अडथळा मोठा, त्यामुळे वेग झपाट्याने घटतो. नाक तत्काळ खाली करावे लागते. ट्राइक प्रकारात, म्हणजे कापडी पंखाखाली तीन चाकांची गाडी टांगलेल्या विमानात, हँग ग्लायडरसारखाच दांडा असतो, तो त्यासाठी स्वतःकडे ओढायचा. साध्या विमानाची सवय असलेल्याचा हात नेमका उलट, पुढे जातो.

१९८९ मध्ये आलेल्या ८० अश्वशक्तीच्या रोटॅक्स ९१२ या चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोकने दोन आसनी विमानांचा भरवसा पुष्कळ वाढवला. त्याचे वजन मात्र ६० किलोच्या आसपास आहे. ११५ किलोच्या मर्यादेतला निम्मा वाटा एकट्या इंजिनात जातो, म्हणून अमेरिकेतील एक आसनी अल्ट्रालाइटवर आजही बहुधा टू-स्ट्रोकच दिसतात.