पाठलाग कायद्यात कसा आला

‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ हा मथळा मराठी वाचकाला नवा नाही. हल्ल्याआधीचे सहा-आठ महिने मात्र त्या बातमीत फारसे सापडत नाहीत. नंबर बदलून येणारे फोन, खोट्या नावाच्या फ्रेंड रिक्वेस्ट, मैत्रिणींकडे केलेली चौकशी, ‘फक्त एकदाच बोल’ म्हणून पाठवलेले मेसेज. यातला एखादाच मेसेज घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर ठाणे अंमलदाराला त्यात गुन्हा दिसेलच असे नाही. ‘गुड मॉर्निंग’ म्हणणे गुन्हा नाही. ‘नको’ म्हणून सांगितल्यावरही तीनशे सकाळी ते म्हणत राहणे हा गुन्हा आहे. ही साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत बसवायला जगभर बराच वेळ गेला. भारतात तर पहिली गाजलेली तक्रार आणि स्वतंत्र कलम यांच्यात बारा वर्षे गेली.

सुरुवात कॅलिफोर्नियाची. जुलै १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका तरुण अभिनेत्रीचा तिच्याच दारात गोळी घालून खून झाला. मारेकरी तिचा ‘चाहता’ होता आणि काही वर्षे तिच्या मागे होता. तिचा पत्ता त्याने एका खासगी गुप्तहेरामार्फत, राज्याच्या वाहन नोंदणीच्या दप्तरातून मिळवला होता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. त्यातली नवी गोष्ट शिक्षेत नव्हती, पाहण्याच्या रीतीत होती: सुट्या सुट्या कृती एकत्र ओवून त्यांच्याकडे एकच वर्तन म्हणून पाहायचे. ब्रिटनच्या १९९७ च्या छळविरोधी कायद्याने तर ‘किमान दोन वेळा’ असा हिशेबच घालून दिला.

इंटरनेट आल्यावर कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये त्याच कायद्यात इलेक्ट्रॉनिक संपर्काचा समावेश केला आणि वर्षभरात त्याचा उपयोगही झाला. नकार दिलेल्या एका स्त्रीच्या नावाने एक सुरक्षारक्षक चॅटरूममध्ये वावरत होता. तिच्या नावाने घाणेरडी आमंत्रणे देत होता, सोबत तिचा पत्ता आणि फोन नंबर. अनोळखी पुरुष तिच्या दारापर्यंत पोहोचले. १९९९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा वर्षांचा तुरुंगवास झाला.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण दिल्ली. २००१ च्या सुमारास तिथल्या एका महिलेला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले, तेही भलत्या वेळी, परदेशातूनसुद्धा. कोणीतरी तिच्या नावाने चॅट करत होता आणि समोरच्यांना तिचा नंबर देत होता. युक्ती तीच, जवळपास काळही तोच. फरक एवढाच की इथे पोलिसांच्या हाती पाठलागाचे कलमच नव्हते. भारतातली पहिली सायबर स्टॉकिंगची केस म्हणून हिचा उल्लेख होतो आणि ती नोंदवावी लागली १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ खाली.

हे कलम एकदा वाचून पाहावे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे, आवाज करणे, हावभाव करणे, एखादी वस्तू दाखवणे किंवा तिच्या एकांतात घुसणे. गल्लीच्या कोपऱ्यावर शिट्टी मारणारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले हे शब्द. दिल्लीच्या प्रकरणातला माणूस तर त्या स्त्रीशी एक शब्दही बोलत नव्हता; तो ‘ती’ होऊन इतरांशी बोलत होता. कमाल शिक्षा तेव्हा एक वर्ष साधी कैद. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला होता, पण तो ई-व्यापार आणि डिजिटल स्वाक्षऱ्यांच्या गरजेतून आलेला. त्यातले कलम ६७ अश्लील मजकुरापुरते. मजकूर अश्लील नसेल, नुसता चिकाटीचा असेल, तर कायद्याकडे उत्तर नव्हते.

अपुऱ्या हत्यारानेही काम होते, हे चेन्नईने २००४ मध्ये दाखवले. घटस्फोटित स्त्रीबद्दल एका ऑनलाइन ग्रुपवर अश्लील मजकूर टाकणाऱ्याला तक्रारीपासून सुमारे सात महिन्यांत शिक्षा झाली, कलम ६७ आणि जुनी दंड संहिता एकत्र वापरून. मुंबईत मात्र सहकारी महिलेला अश्लील ईमेल पाठवल्याचे २००९ चे प्रकरण २०१५ मध्ये निकाली निघाले. महाराष्ट्रातली या प्रकारातली पहिली शिक्षा म्हणून ते ओळखले जाते. सात महिने आणि सहा वर्षे. हा फरक नुसत्या कलमांचा नाही, हे उघड आहे.

मधल्या काळात एक कलम आले आणि गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आणलेले ६६अ, ऑक्टोबर २००९ पासून लागू. ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असे काही पाठवले की तीन वर्षांपर्यंत कैद. छळाच्या ईमेलसाठी ते सोयीचे वाटले, पण शब्द इतके सैल होते की कुणालाही त्यात ओढता यावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि देशभर ओरड झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द केले. योग्यच केले. एकेका वाक्यावर बोट ठेवणारे ते कलम पाठलागावरचे औषध नव्हतेच.

खरी हालचाल २०१२ च्या अखेरची. त्यात लहान मुलांचा कायदा मोठ्यांच्या आधी पोहोचला, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झालेल्या पॉक्सोने, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, लैंगिक हेतूने बालकाचा वारंवार पाठलाग करणे, त्याच्यावर नजर ठेवणे किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सतत संपर्क साधणे हा गुन्हा ठरवला, मुलगा-मुलगी भेद न करता. महिन्याभरात दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराने देश हादरला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला आणि पाठलाग हा वेगळा गुन्हा असावा असे सांगितले. ३ फेब्रुवारीला वटहुकूम निघाला.

वटहुकुमातला गुन्हा कोणत्याही व्यक्तीविरुद्धचा होता आणि शिक्षा किमान एक वर्ष. मार्चमध्ये संसदेत चर्चा झाली. मुलींच्या मागे आपल्यापैकी कोण गेले नाही, असा सूर एका ज्येष्ठ खासदाराने लोकसभेत लावला, आणि सभागृहात तो फार कुणाला खटकला असेही नाही. कायदा बाहेर पडला तेव्हा आरोपी फक्त पुरुष, पीडित फक्त स्त्री, किमान शिक्षा गेलेली आणि पहिला गुन्हा जामीनपात्र. हा जामीन आजही बोचतो. तक्रार केल्यावर आरोपी संध्याकाळी पुन्हा त्याच गल्लीत दिसू शकतो, आणि तक्रारदाराला नेमकी त्याचीच भीती असते.

तरी या कायद्याने दंड संहितेत घातलेल्या पाठलागाच्या कलम ३५४ड मध्ये एक चांगली गोष्ट राहिली. स्त्रीने स्पष्टपणे नापसंती दाखवूनही वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्ह्याचा एक भाग. तिच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक वापरावर पाळत ठेवणे हा दुसरा. वटहुकुमात हिंसेची भीती किंवा मनस्ताप अशी अट होती, ती कायद्यात राहिली नाही. ‘मी घाबरले होते’ हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर नाही. जपानची वाट उलटी होती: तिथे २००० मध्येच कायदा झाला, पण त्यात ईमेलचा उल्लेख नव्हता. २०१२ मध्ये एका स्त्रीला हजाराहून अधिक ईमेल आल्यानंतर तिचा खून झाला आणि २०१३ मध्ये ती फट बुजवली गेली.

१ जुलै २०२४ पासून ३५४ड ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ ने घेतली. आशय आणि शिक्षा त्याच: पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व दंड, आणि तेव्हा जामीन हक्काचा नाही. प्रत्यक्षात हे कलम एकटे क्वचितच लागते. खोटे प्रोफाइल असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६क आणि ६६ड, तीन वर्षे आणि एक लाखापर्यंत दंड. खासगी अवयवांची छायाचित्रे संमतीविना काढली वा पसरवली तर ६६ई, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अश्लील मजकुराला ६७, उघड लैंगिक कृतीच्या मजकुराला ६७अ. दुसऱ्यात पहिल्याच खेपेला पाच वर्षे आणि दहा लाखांपर्यंत. नाव लपवून धमकी दिली तर न्याय संहितेच्या ३५१ खाली दोन वर्षांची जादा कैद होऊ शकते. पीडित पुरुष असेल तर ७८ लागत नाही, पण यातली बहुतेक कलमे लागतात.

तक्रार करताना हा इतिहास कामी येतो. फिर्याद एका मेसेजची नको, मालिकेची हवी. पहिला संपर्क कधी, ‘नको’ केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितले, त्यानंतर किती वेळा, कोणकोणत्या नंबरवरून आणि खात्यांवरून. ‘नको’ लेखी असेल तर उत्तम; एकदाच, स्पष्ट, आणि पुढे उत्तर नाही. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावेत, त्यात तारीख, वेळ आणि प्रोफाइलची लिंक दिसावी. मूळ मेसेज पुसू नयेत, फोन फॉरमॅट करू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला तो कोणत्या उपकरणातून, कसा घेतला हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्का केला तो आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात. आता ते प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा असतो. या गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची, असे कायदाच सांगतो. माहिती ऑनलाइन कळवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. केंद्राचे ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ हे पोर्टल २०१९ पासून आहे. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी. जिवाला धोका वाटत असेल तर ११२. ठाण्यात नोंद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. सोबत संबंधित अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्यालाही कळवावे. नग्न किंवा मॉर्फ केलेली (फेरफार करून बनवलेली) छायाचित्रे तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याची मुदत २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना घातली होती.

आणि तारखांकडे लक्ष असावे. ३० जून २०२४ पर्यंतच्या कृत्यांना ३५४ड, त्यापुढच्यांना ७८. जो पाठलाग त्याच्या आधी सुरू झाला आणि नंतरही चालू राहिला, त्याच्या फिर्यादीत दोन्ही काळांतल्या घटना वेगवेगळ्या तारखांनिशी लिहाव्या लागतात.