कोकम भारी की मीठ?

मैत्रिणीच्या साइटवर हजारेक पाककृती आहेत. परवा तिचा वैतागलेला फोन आला. 'कोकम आमटी' शोधलं की आधी कटाची आमटी येते आणि कोकमाची थेट तिसऱ्या पानावर! "एआय बसवून घेऊ का?" हल्ली खिळा ठोकायलाही लोकांना एआय लागतं. इथं अकरावीतलं लॉग टेबल पुरे.

दोष माझाच होता, कारण ते सर्च मीच लिहिलं होतं. त्यात डेटाबेसला 'लाइक' ही आज्ञा वापरून विचारलं होतं, की यातला एखादा तरी शब्द आहे का? 'लाइक'ला 'आहे' किंवा 'नाही' एवढंच कळतं. कुठली पाककृती जास्त जवळची, हे त्याच्या गावीही नसतं.

यावरचा सुरेख उपाय केंब्रिजच्या केरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडला: शब्द जितका दुर्मीळ, तितकं त्याचं वजन जास्त. एकूण पाककृतींना तो शब्द असलेल्या पाककृतींनी भागा आणि लॉग घ्या. समजा, 1000 पैकी 950 पाककृतींत 'मीठ' आहे. 1000/950 चा लॉग जेमतेम 0.022. 'आमटी' 200 पाककृतींत, म्हणून 0.7. 'कोकम' फक्त 10 मध्ये, म्हणून 2. म्हणजे एक कोकम नव्वद मिठांना भारी! पाककृतीत सापडलेल्या शब्दांच्या वजनांची बेरीज, ते तिचे गुण.

मग पाककृतीत 'कोकम' शंभरदा कोंबलं तर? त्याचा बंदोबस्त लंडनमध्ये स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात 'बीएम25' या सूत्रात केला. शब्द f वेळा आला तर वजनाला 2.2f/(f+1.2) नं गुणायचं. एकदा आला तर 1, दोनदा 1.375, दहादा 1.96, शंभरदा 2.17, 2.2 च्या पुढे कधीच नाही. (1.2 हा आकडा बदलता येतो, पण सहसा कुणी बदलत नाही.) शिवाय लांबलचक मजकुराचे गुण कापले जातात, म्हणजे आधी आजीच्या आठवणी आणि मग आमटी, अशा लेखांचे.

एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये हे सूत्र तयारच मिळतं. मराठीसाठी मात्र टोकनायझरला, म्हणजे मजकुराचे शब्द वेगळे करणाऱ्या भागाला, आधी सांगावं लागतं, की मात्रा हा शब्दाचाच भाग आहे. नाहीतर 'कोकम'चे तो 'क' आणि 'कम' असे तुकडे पाडतो. त्यातून 'कोकम' आणि 'कोकमाची' हे त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'कोकम'ने सुरू होणारं सगळं शोध, म्हटलं की भागतं. 'आंबा' आणि 'आंब्याचं' यांना ही युक्ती लागू पडत नाही.

एवढं करून सर्च चालवलं. सर्वांत वर पुन्हा कटाची आमटी! अर्धा तास डोकं खाजवल्यावर उलगडलं: एसक्यूलाइट हे गुण ऋण चिन्हानं देतं, म्हणजे जास्त जुळणारी पाककृती शून्याच्या जास्त खाली. मी सवयीनं उतरता क्रम लावला होता. तो काढला आणि मैत्रिणीला फोन केला.