२५२० ‘एकमेव’ नाही, सर्वात लहान आहे

सातारा-सांगलीकडच्या घरगुती ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०, आणि तिचं गुपित म्हणजे ७ वार × ३० दिवस × १२ महिने.

भाग जातो, हे खरंच. ‘एकमेव’ तेवढं चुकीचं. कंदी पेढ्यांचे २५२० नग १ ते १० पैकी कितीही घरांत सारखे वाटता येत असतील, तर तेवढ्याच नगांची दुसरी रासही तशीच वाटता येणार. म्हणजे ५०४० चालते, ७५६० चालते. पाढा संपतच नाही. १ ते १० चा सरळ गुणाकार ३६२८८०० येतो, तोही २५२० ची १४४० पट.

मग २५२० च का? हा १ ते १० चा लसावि आहे, म्हणजे या सगळ्यांनी भाग जाणारी सर्वात लहान संख्या. ८ साठी तीन वेळा २ लागतो, ९ साठी दोन वेळा ३, शिवाय ५ आणि ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. २, ४, ६, १० यांचे अवयव यातच आले. त्यांनी पुन्हा गुणलं की संख्या उगाच फुगते. यातला एकही अवयव काढता येत नाही, म्हणून याहून लहान धन संख्या नाही.

वार-महिन्यांचं काय? ३० आणि १२ मध्ये मिळून तीन २, दोन ३ आणि एक ५ आहे, ७ वेगळा. जुळतं खरं, पण वर्ष ३६० दिवसांचं धरल्यामुळे. ३६५ घ्या: ३६५ × ७ = २५५५, ज्याला २ नेसुद्धा भाग जात नाही.

११ ही हवा असेल तर २७७२०. त्यात १२ फुकट मिळतो.