वॉशिंग मशीनचा गरम पाण्याचा नळ कुठे गेला?

पूर्ण स्वयंचलित मशीन 1930च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आलं. त्याआधीच्या विजेच्या मशीनमध्ये टब बादलीने किंवा नळाला लावलेल्या नळीने भरायचा आणि पुरेसं झालं की पाणी हाताने बंद करायचं. आता पाणी कधी आणि किती घ्यायचं हे मशीन ठरवू लागलं. त्यासाठी नळ उघडा ठेवणं आलं, आणि इनलेट पाइपवर, म्हणजे नळातून मशीनला पाणी आणणाऱ्या पाइपवर, सतत दाब आला. रबरी पाइप फुटून घरभर पाणी होण्याच्या तक्रारी वाढल्यावर जाड विणीचे, दुहेरी आवरणाचे पाइप निघाले. काही मशीनना गळती झाल्यास पाणी तोडणारा व्हॉल्व्ह थेट नळाच्या तोंडाशीच बसवला गेला. नवीन मशीनला जुना पाइप लावू नका असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते याच अनुभवातून.

मशीनच्या पाठीमागचा पाइप काढला की आत बारीक जाळी दिसते आणि तिच्या मागे इनलेट व्हॉल्व्ह. विजेची कॉइल फक्त एक सुईएवढं छिद्र उघडते. व्हॉल्व्हमधला रबरी पडदा उचलणं आणि परत घट्ट बसवणं हे काम पाण्याचा दाबच करतो. म्हणून बहुतेक मशीनसाठी साधारण 0.03 ते 0.05 मेगापास्कल किमान दाब सांगितलेला असतो. पाण्याच्या 10 मीटर उंचीने जेमतेम 0.1 मेगापास्कल दाब मिळतो. टाकी मशीनपेक्षा दोनच मीटर वर असेल तर नळाला पाणी छान येतं, पण मशीन भरायला फार वेळ लागतो. अशा वेळी दोष मशीनच्या माथी मारला जातो, तो बहुतेकदा चुकीचा असतो.

पण खरा वाद पेटला तो गरम पाण्यावरून. अनेक जुन्या मशीनना दोन इनलेट असत, एक गार पाण्याचं आणि एक गरम पाण्याचं. हीटर नसलेल्या अनेक टॉप लोड मशीनना आजही दोन असतात. आतल्या हीटरने पाणी तापवणाऱ्या युरोपातल्या फ्रंट लोड मशीनमधून मात्र गरम पाण्याचं इनलेट हळूहळू गायब झालं आणि 2000नंतर ते क्वचितच दिसू लागलं. उत्पादकांनी पैसे वाचवले, असं लोक म्हणाले. एक व्हॉल्व्ह, एक पाइप कमी झाला, तेव्हा त्यात तथ्य आहेच. पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही. जुनं मशीन धुण्याच्या एका फेरीत 40 लिटर पाणी सहज घ्यायचं, आताचं 10-15 लिटर घेतं, तेही थोडं थोडं करून. गिझरपासून मशीनपर्यंत 10 मीटर अर्धा इंची पाइप असेल तर त्यात सव्वा लिटरच्या आसपास गार पाणी अडकलेलं असतं. मशीन आधी ते ओढतं. मागून येणारं गरम पाणी पाइपातच राहतं आणि तिथेच निवतं. शिवाय पावडरमधली डाग फोडणारी एन्झाइम कोमट पाण्यात उत्तम चालतात आणि फार गरम पाण्यात निकामी होतात. रक्ताचा, दुधाचा डाग थेट कढत पाण्यात टाकला तर तो कापडात आणखी पक्का बसतो. गार पाणी आत घेऊन हळूहळू तापवलं की हे दोन्ही टळतं.

माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण जवळपास सरसकट लादला गेला. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण 0.35 युनिट वीज लागते. ज्यांच्या छतावर सोलर वॉटर हीटर आहे आणि टाकीपासून मशीन चार पावलांवर आहे, त्यांचं गरम पाणी तयार असतं, तरी त्यांनाही ही वीज जाळावी लागते. अशा घरांसाठी दोन इनलेटची आणखी काही मॉडेलं ठेवायला हवी होती.

त्यावर लोकांनी आपापली तोड काढली. नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून गार-गरम पाणी एकत्र करायचं आणि मशीनच्या एकमेव इनलेटला कोमट पाणी द्यायचं. हे चालतं, पण त्या इनलेटची कमाल तापमानमर्यादा माहितीपुस्तिकेत आधी पाहावी लागते, कारण ती सगळ्या मशीनची सारखी नसते. आणखी एक अडचण राहते: खळबळून काढायच्या फेऱ्यांनाही तेच कोमट पाणी जातं, आणि मशीन घेत असलेल्या पाण्यातला मोठा वाटा त्या फेऱ्यांचाच असतो.