चाळीचे पत्रे आणि १० दिवसांची नोटीस

आमची परळची चाळ पाडायला घेतली तेव्हा मागच्या शेडचे सिमेंटचे पत्रे पोरं घणाने फोडून सरळ खाली टाकत होती, तोंडाला नुसता रुमाल. रिडेव्हलपमेंटच्या ॲग्रीमेंटमध्ये भाडं, कॉर्पस, कार्पेट एरिया सगळं होतं, पत्र्यात काय आहे याबद्दल एक ओळ नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो, तो फुटला की डोळ्याला न दिसणारे तंतू उडतात, फुफ्फुसात बसतात आणि आजार २०-४० वर्षांनी वर येतो. म्हणून तर कोणाला घाई नसते.

अमेरिकेत ही घाई झाली ती १९६४ नंतर. डॉ. इरव्हिंग सेलिकॉफ यांनी न्यूयॉर्कच्या ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास छापला आणि कॅन्सरचं प्रमाण बघून सगळे हादरले. तिकडे वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पोलादावर आगीपासून बचावासाठी ॲस्बेस्टॉसचा फवारा मारत होते, तो १९७० ला मधेच थांबवला. मग १९७३ ला तिथल्या पर्यावरण खात्याने नियम काढला, त्यात कारखान्यांबरोबर पाडकामही आलं: आधी ॲस्बेस्टॉस ओला करा, काढा, मग बिल्डिंग पाडा.

पुढे गंमत झाली. डेट्रॉइटच्या ॲडॅमो नावाच्या पाडकाम कंपनीवर ओलं न करता पाडलं म्हणून फौजदारी केस झाली, ती थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि १९७८ ला कंपनी ५-४ ने जिंकली. मुद्दा काय तर कायदा म्हणतो हवेत किती सोडायचं त्याची मर्यादा ठरवा, आणि हा नियम तर काम कसं करायचं ते सांगतो! पण काम कसं करायचं ते सांगणारे नियमही चालावेत म्हणून तिथल्या संसदेने १९७७ लाच कायदा सुधारायला घेतला होता, त्यामुळे नियम टिकला, आणि १९९० च्या सुधारणेनंतर आजचं रूप आलं. पाडायच्या किमान १० कामकाजाचे दिवस आधी लेखी नोटीस, तीही ॲस्बेस्टॉस अजिबात नसला तरी द्यायची. मला हाच भाग हुशार वाटतो, कारण "नाही" लिहायला सुद्धा आधी कोणीतरी जाऊन बघावं लागतं. चार किंवा कमी घरांच्या राहत्या इमारतींना मात्र सूट आहे. ब्रिटनमध्ये लायसन्स लागणाऱ्या कामाला १४ दिवस आधी कळवायचं असतं.

आपल्याकडे? १९९५ ला सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीची नोंद ४० वर्षं ठेवायला सांगितली, पण ती कारखान्यातल्या कामगारांची. २००५ च्या शेवटी क्लेमान्सो हे फ्रेंच युद्धजहाज गुजरातमध्ये अलंगला तोडायला निघालं, त्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून इतका गदारोळ झाला की २००६ ला फ्रान्सने ते वाटेतूनच परत बोलावलं. म्हणजे जहाजात किती आहे ते विचारतो, चाळीत नाही. २०१६ च्या डेब्रिसच्या नियमात दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर राडारोडा निघणार असेल तर आधी प्लॅन मंजूर करून घ्यायचा होता, पण तो त्या डेब्रिसचं काय करणार याचा. पत्रा फोडायच्या आधी अमेरिकेसारखी १० दिवसांची नोटीस आपल्याकडे नाही.

आमच्या शेडचे जे पत्रे अख्खे राहिले ते टेम्पोवाल्याने वेगळे काढून ठेवले. कुठेतरी झोपडीवर लागतील म्हणाला.