बाटलीतलं तळं

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या अनेक पाझर तलावांचं पाणी हिरवं पडतं. बांधावर उभा असलेला कुणीही कारण सांगतो: युरिया, शेतातून वाहून आला. पण खताचं पोतं वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न सहज सुचावा. युरियात नत्र असतं, सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद (फॉस्फरस), डीएपीत दोन्ही. मग शेवाळ नेमकं कशावर माजलं?

हाच वाद १९६०च्या दशकात उत्तर अमेरिकेत पेटला होता, आणि तिथे तिसरा संशयित होता कर्ब, म्हणजे कार्बन. काही संशोधकांनी तळ्याचं पाणी बाटल्यांत भरलं. एकात स्फुरद टाकलं, एकात कर्ब. कर्ब घातलेल्या बाटलीत शेवाळ जोमानं वाढलं. निष्कर्ष निघाला की तळ्यात खरी चणचण कर्बाची आहे, स्फुरद निर्दोष. कपडे धुण्याच्या पावडरीत तेव्हा भरपूर फॉस्फेट असायचं, त्यामुळे ती बनवणाऱ्यांना हे फारच सोयीचं होतं.

आकडे खोटे नव्हते. चूक बुचात होती. बंद बाटलीतला कार्बन डायऑक्साइड शेवाळानं संपवला की नवा येणार कुठून? उघड्या तळ्यावर मात्र अख्खं आभाळ असतं.

तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाटली सोडून तळंच हाती घेतलं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत, त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. २२७ नंबरच्या तळ्यात कर्ब अगदीच कमी. १९६९पासून त्यात फक्त नत्र आणि स्फुरद टाकलं, तरी ते हिरवंगार झालं. लागणारा कर्ब पाण्यानं हवेतून ओढून घेतला. मग १९७३मध्ये २२६ नंबरच्या तळ्याच्या कमरेत पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एकीकडे नत्र आणि कर्ब, दुसरीकडे तेच दोन आणि वर स्फुरद. विमानातून काढलेल्या फोटोत स्फुरदाची बाजू हिरवी, दुसरी काळसर. इतका बोलका फोटो विज्ञानात क्वचित मिळतो, आणि म्हणूनच तो जरा सावधपणे पाहावा असं मला वाटतं. तळं एकच होतं. जोडीला तसंच दुसरं नव्हतं.

पुढे २२७मध्ये नत्र टाकणं थांबवलं, तरी हिरवेपणा हटला नाही. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू करतात तेच काही निळं-हिरवं शेवाळही करतं, हवेतलं नत्र पकडतं. म्हणून फक्त स्फुरद रोखा, असं शिंडलर म्हणत राहिले. इतर अभ्यासकांचं म्हणणं, सगळ्याच तळ्यांत ही भरपाई पुरेशी होत नाही, दोन्ही रोखा. हा वाद मिटलेला नाही.

आकड्याला वेळही असते. हिरव्या पाण्यात भर दुपारी ऑक्सिजन मोजला तर तळं ठणठणीत वाटेल, कारण शेवाळ उन्हात तो तयार करत असतं. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वाजवू लागले की दुपारच्या आकड्याचा उपयोग संपतो.

आणि आकड्याला गावही असतं. ओंटारिओची ती तळी खडकातली, नितळ पाण्याची, हिवाळ्यात गोठणारी. आमचा पाझर तलाव काळ्या मातीतला, आषाढात भरला तर भरतो. इथे मोजायला महागडं यंत्र नको, पांढरी ताटली दोरीला बांधून सोडली तरी पुरे. इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५मध्ये समुद्रात पांढरी चकती सोडून हेच पाहिलं होतं: ती किती खोलीवर दिसेनाशी होते.

वैशाखात तळ्यात कंबरभर पाणी उरतं. म्हशी बसतात, गाळ ढवळतो, ताटली वीतभर खोलीवरच गायब होते. पाणी तेव्हा हिरवं नसतं, मातकट असतं. त्यात खत कितीही असो, शेवाळाला कमी पडतो तो उजेड.