फुल माउथची केस लॅबला पाठवताना: आमच्या डॉक्टरांसाठी माहितीपत्रक

नमस्कार डॉक्टर,

एक क्राऊन (कॅप) किंवा तीन युनिटचा ब्रिज असला की काम सरळ असतं, शेजारचे दात असतात, समोरचे असतात, त्यांच्याकडे बघून आम्ही उंची, आकार, काँटॅक्ट सगळं बसवतो. फुल माउथमध्ये, म्हणजे सगळ्या दातांच्या कामात, बघायला काही उरतच नाही. वरचे-खालचे सगळे दात प्रेप झाले (क्राऊनसाठी घासून लहान केले) की मॉडेलवर नुसते खुंट दिसतात, आणि जबडा किती उघडायचा, कुठे मिटतो, पुढचा दात ओठाखाली किती दिसायला हवा हे त्या खुंटांवरून आम्हाला काय, कुणालाच सांगता येणार नाही. ती माहिती पेशंटच्या तोंडात असते आणि ते तोंड फक्त तुम्ही बघता. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे डॉक्टर आमच्या लॅबला केसेस पाठवतात, फोनवर प्रत्येकाशी जे बोलणं होतं तेच इथे लिहून काढलंय.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. फायनल दात हे पेशंटने वापरून पास केलेल्या टेम्पररीची (तात्पुरत्या दातांची) कॉपी असले पाहिजेत. टेम्पररी न घालता थेट फायनल करून द्या असं कुणी म्हटलं तर आम्ही आधी फोन करतो, आणि तो फोन केस टाळायला नसतो, पेशंटचे सगळे दात त्यात अडकलेले असतात म्हणून असतो.

प्रेप करण्याआधी काय हवं

हँडपीस हातात घ्यायच्या आधी आमच्याकडे दोन्ही जबड्यांची मॉडेल किंवा स्कॅन, फेसबो (वरच्या जबड्याची जागा मोजायचं साधन), सेंट्रिकची बाईट (सांधा त्याच्या स्थिर जागी असताना जबडे कसे मिटतात त्याचा ठसा) आणि फोटो एवढं पाहिजेच. आल्जिनेटने इम्प्रेशन (दातांचा ठसा) घेत असाल तर मॉडेल क्लिनिकमध्येच ओतून घ्या, दहा-पंधरा मिनिटांच्या वर ते थांबत नाही, ओल्या कापसात गुंडाळून मडगावहून बसने पाठवलेलं आल्जिनेट इथे पोचेपर्यंत बदललेलं असतं. ॲडिशन सिलिकॉनचं इम्प्रेशन आरामात थांबतं, फक्त लेटेक्सच्या ग्लव्हजनी पुटी (त्याचा मळायचा घट्ट भाग) मळू नका, त्यातल्या सल्फरमुळे ती नीट सेटच होत नाही. पॉलिइथरने इम्प्रेशन घेणाऱ्यांनी पावसाळ्यात जास्त सांभाळायचं, ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे सुक्या पिशवीत वेगळं पाठवा, ओल्या आल्जिनेटबरोबर एकाच डब्यात बिलकुल नको.

फेसबो बरेच जण टाळतात. कॉलेजात एकदा केला, मग कपाटात गेला. पण वरचा जबडा सांध्यापासून किती लांब आणि किती तिरका आहे हे आर्टिक्युलेटरला (मॉडेल बसवून जबड्यासारखं उघडमीट करायच्या यंत्राला) त्याशिवाय कळत नाही. एका क्राऊनला हा फरक जाणवत नाही, पण अठ्ठावीस दातांना जाणवतो, मॉडेलवर जबडा ज्या रेषेत मिटतो त्या रेषेत तोंडात मिटत नाही आणि मग तुम्ही खुर्चीशी तास-दोन तास हाय पॉइंट (आधी टेकणाऱ्या जागा) काढत बसता. फेसबो लावताना पेशंटच्या समोर उभं राहून एक फोटो काढा, डोळ्यांची रेषा आणि फोर्क (फेसबोचा दातांत धरायचा भाग) दोन्ही दिसतील असा. एखाद्याचे कान वरखाली असतात, तसं असेल तर फोर्क तिरका बसतो आणि आम्ही पुढच्या दातांची लाईन नकळत तिरकी लावून बसतो. फोटो असला की ते लगेच पकडता येतं.

उंची कशी ठरवायची आणि बाईट कुठे घ्यायची

दात झिजलेत म्हणजे उंची (दात मिटल्यावर दोन्ही जबड्यांमधलं अंतर) कमी झालीच असं धरून चालू नका, बऱ्याच पेशंटमध्ये दात झिजत जातात तसे हाडासकट वरही येत राहतात आणि उंची तेवढीच राहते. आराम स्थितीत २ ते ४ मिमी फ्रीवे स्पेस (वरच्या-खालच्या दातांमधली मोकळी जागा) मिळतेय का बघा, चेहरा बघा, आणि बोलायला लावा. साठ ते सत्तर आकडे मराठीत म्हणायला लावले की स चे उच्चार भरपूर येतात, तेव्हा वरचे-खालचे दात जवळ येतात पण टेकायला नकोत. मॉक-अप (नमुन्याचे दात) किंवा टेम्पररी घातल्यावर स म्हणताना दात एकमेकांवर आपटले तर बहुतेक वेळा उंची जास्त झालेली असते, फक्त पुढच्या दातांची जागा तर चुकली नाही ना तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या उंचीवर दात बनवायचेत त्याच उंचीवर सेंट्रिकची बाईट घ्या. बंद उंचीवर बाईट घेऊन "लॅबमध्ये पिन ३ मिमी उचला" असं स्लिपवर लिहिलेलं येतं तेव्हा आम्ही आर्टिक्युलेटरवरची ती उंचीची पिन उचलू शकतो, पण आर्टिक्युलेटर ज्या अक्षावर फिरतो आणि पेशंटचा जबडा ज्या अक्षावर फिरतो ते तंतोतंत एक नसतात, जितकं जास्त उघडाल तितका तो फरक वाढत जातो. हिशोब सांगायचा तर मागे दाढांमध्ये १ मिमी उघडलं की पुढे २ ते ३ मिमी उघडतं, म्हणजे पुढे बघून ठरवलेली उंची मागे किती जागा देते हेही आधीच लक्षात घ्या, नाहीतर दाढांना मटेरियलला जागाच उरत नाही.

सेंट्रिकसाठी लूशिया जिग, लीफ गेज (दोन्ही पुढच्या दातांत धरायची, मागचे दात टेकू न देणारी साधनं), डॉसनची दोन हातांनी जबडा नेण्याची पद्धत, जे तुमच्या हातात बसलंय ते करा, आम्हाला सगळं चालतं. पण झिजलेल्या दातांचा पेशंट खूप वर्षं जबडा पुढे सरकवून चावत आलेला असतो, स्नायूंना ती सवय सोडायला वेळ लागतो, म्हणून जिग किंवा लीफ गेज घालून थोडा वेळ बसवा आणि मगच बाईट घ्या, दोनदा घ्या. दोन्ही बाईटवर मॉडेल एकाच जागी बसली तर आम्ही पुढे जातो, नाही बसली तर तुम्हाला कळवतो. रात्री दात खाणाऱ्या पेशंटला आधी काही आठवडे स्प्लिंट (दातांवर घालायची प्लेट) दिला तर बाईट कितीतरी स्थिर मिळते.

यावरून आम्ही वॅक्स-अप (मेणाचे नमुना दात) करतो, पुटी इंडेक्स (त्याचा साचा) देतो, आणि तुम्ही प्रेप न करता तोंडात बिस-ॲक्रिलचा (तात्पुरत्या प्लास्टिकचा) मॉक-अप घालून पेशंटला आरसा दाखवू शकता. लांब वाटतात, पुढे आल्यासारखे वाटतात, हसताना एक बाजू जास्त दिसते, जे काय असेल ते आत्ता बोलू द्या. मेणात बदल करायला आम्हाला थोडा वेळ लागतो, झिरकोनियात (फायनल दातांच्या पक्क्या सिरॅमिकमध्ये) बदल म्हणजे नवीन दात.

टेम्पररी

इथे घाई करू नका, आम्ही प्रत्येक वेळी हेच सांगतो. वॅक्स-अपवरून मिल केलेले (मशीनवर कोरलेले) पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिक) टेम्पररी आम्ही देतो, ते घालून कमीत कमी ६ ते ८ आठवडे पेशंटला जेवू दे, बोलू दे, झोपू दे. या दिवसांत सांधा दुखतो का, सकाळी गाल जड वाटतात का, टेम्पररी सारखी एकाच जागी तुटते का, सारखी सुटून येते का हे बघायचं. एकाच जागी तुटणारी टेम्पररी तिथे चुकीचा भार येतोय हे सांगत असते, ती नुसती परत चिकटवून पाठवू नका, कुठे तुटली त्याचा फोटो आम्हालाही टाका. पेशंटला आधीच सांगा की रोज हुमण (माशांची आमटी) खाल्लं की हळदीने रंग थोडा चढणार, त्याला घाबरायचं नाही, आणि जत्रेतले कडक खडखडे लाडू या दिवसांत नकोत.

गोव्यात एक अडचण नेहमीची आहे. पेशंट तारवटी असतो, बोटीवरून सुट्टीला आलेला, किंवा गल्फमधून आलेला, आणि महिन्या-दीड महिन्यात सगळे दात फायनल करून त्याला परत जायचं असतं. त्याची बाजू आम्हाला कळते, परत कधी येणार ते त्याच्या हातात नसतं. तरी आमचा सल्ला असा की या सुट्टीत चांगले मिल केलेले टेम्पररी घालून त्याला जाऊ द्या आणि फायनल पुढच्या सुट्टीत करा. टेलिओ कॅडसारखे पीएमएमएचे ब्लॉक वर्षभरापर्यंतच्या टेम्पररीसाठीच बनवलेले असतात. भर समुद्रात टेम्पररी सुटली तर तात्पुरत्या सिमेंटची छोटी ट्यूब बरोबर दिलेली असेल तर तो वेळ मारून नेऊ शकतो, पण चुकीच्या उंचीचे पक्के दात सिमेंट करून गेला आणि सांधा दुखायला लागला तर त्याच्याकडे तिथे काहीच उपाय नाही. आणि कित्येक महिने वापरलेली टेम्पररी परत येते ती आमच्यासाठी सगळ्यात खात्रीची माहिती असते.

फायनल इम्प्रेशनच्या दिवशी

पास झालेल्या टेम्पररीचं इम्प्रेशन किंवा स्कॅन आधी घ्या, तोंडात असतानाच, वर-खाली दोन्ही. मग एका बाजूची टेम्पररी काढा, दुसऱ्या बाजूची राहू दे, ती उंची धरून ठेवते, आणि उघड्या बाजूला बाईट घ्या. मग ही बाजू परत बसवून दुसरी काढा आणि तिथली घ्या. यासाठी आम्ही टेम्पररी तुकड्यांत करून देतो. एकदम सगळ्या टेम्पररी काढून मग बाईट घेतली की ज्या उंचीसाठी दोन महिने घालवले ती त्या मिनिटाला गेली. टेम्पररीचं मॉडेल आणि प्रेपचं मॉडेल एकाच आर्टिक्युलेटरवर आलटून पालटून बसतं आणि पेशंटने तयार केलेले पुढच्या दातांचे उतार आम्ही कस्टम गाईड टेबलवर (आर्टिक्युलेटरच्या पुढच्या फळीवर) उतरवून घेतो, कॅनाईन गायडन्स (जबडा बाजूला सरकताना सुळ्यांनी वाट दाखवणं) तिथूनच येतो, आमच्या डोक्यातून नाही.

स्कॅनर वापरत असाल तर टेम्पररीचा आणि प्रेपचा असे दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसायला न बदललेला भाग लागतो, म्हणून वरच्या जबड्यात टाळूवरच्या सुरकुत्या दोन्हीत नीट घ्या. पूर्ण आर्चच्या (एका जबड्याच्या सगळ्या दातांच्या) स्कॅनमध्ये एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना चूक साठत जाते, स्कॅनर कितीही भारी असला तरी. बाईट स्कॅन करताना पेशंटला जोरात चावायला लावू नका. सगळे इम्प्लांटवरचे दात असतील तर नुसत्या स्कॅनवर आम्ही फ्रेम करत नाही, व्हेरिफिकेशन जिग (इम्प्लांटच्या जागा बरोबर आल्यात का तपासायची पट्टी) देतो, ती एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट केल्यावर बाकीच्या ठिकाणी न उचलता बसली पाहिजे.

मटेरियल कुठलं घ्यायचं

कॅटलॉग बघून ठरवू नका, पेशंट बघून ठरवा. जास्त यिट्रियाच्या (झिरकोनियात मिसळायच्या ऑक्साईडच्या) पारदर्शक झिरकोनियाची ताकद जुन्या ३ वाय (कमी यिट्रियाच्या) झिरकोनियाच्या साधारण निम्मी असते, ३ वाय हजार मेगापास्कलच्या वर जातं, लिथियम डायसिलिकेट (काचेसारखं सिरॅमिक) साधारण चारशे-पाचशेच्या आसपास. म्हणून दात खाणाऱ्या पेशंटला मागे ३ वाय किंवा ४ वाय मोनोलिथिक (एकसंध) आणि पुढे जागा असेल तिथे डायसिलिकेट किंवा पारदर्शक झिरकोनिया, असं आम्ही सुचवतो. वर पोर्सिलेनचा थर दाढांना आम्ही टाळतो, तो उडतो. जुन्या धातूच्या पोस्टवर (मुळात बसवलेल्या खिळ्यावर) किंवा काळ्या पडलेल्या दातावर पारदर्शक काही घालाल तर आतला काळेपणा दिसणार, त्यासाठी खुंटाची शेड (रंग) वेगळी पाठवा.

शेड घ्यायची ती अपॉइंटमेंटच्या सुरुवातीला, तोंड उघडं राहून दात सुकले की काही मिनिटांत पांढरे दिसायला लागतात. खिडकीजवळच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, शेडची टॅब (रंगाचा नमुना) दाताच्याच पातळीत धरून आणि टॅबवरचा नंबर दिसेल असा फोटो काढा, आणि तो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, साधा फोटो टाकला की दाबला जातो आणि बारीक रंग जातात. ओठ सैल सोडलेला, पूर्ण हसतानाचा, गाल ओढून समोरचा आणि दोन्ही बाजूंचा, एवढे फोटो पुरतात.

बसवताना

आधी तात्पुरत्या सिमेंटवर काही दिवस ठेवून बघायचं असेल तर युजेनॉल (लवंगेच्या तेलातलं द्रव्य) नसलेलं घ्या, पुढे रेझिनने बाँड करायचं असतं. झिरकोनिया ट्रायलला लाळ लागली की फॉस्फोरिक ॲसिडने साफ करू नका, त्याने प्रायमर धरायची जागाच अडते, त्यासाठीची क्लीनिंग पेस्ट किंवा कमी प्रेशरवर ५० मायक्रॉनचं सँडब्लास्टिंग करा आणि मग एमडीपी (झिरकोनियाला धरणारं रसायन) असलेला प्रायमर. डायसिलिकेटला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, मग सिलेन (रेझिन धरायला लावायचं द्रव्य). आम्ही एच करून (ॲसिड लावून) पाठवलं की डब्यावर तसं लिहिलेलं असतं. तोंडात घासावं लागलं तर पाणी चालू ठेवून बारीक डायमंडने घासा आणि नंतर पूर्ण पॉलिश करा, खरखरीत राहिलेलं झिरकोनिया समोरचा दात खातं, गुळगुळीत केलेलं तेवढं खात नाही.

वेळ

झिरकोनिया आम्ही २०-२५ टक्के मोठं कापतो आणि ते दीड हजार अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत आकसून मापात येतं, या भट्टीची सायकल कित्येक तासांची असते आणि मध्येच तोडता येत नाही. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून भट्टी बॅकअपवर ठेवलीये, तरी जून ते सप्टेंबर एक-दोन दिवस जास्तीचे धरून अपॉइंटमेंट द्या. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी सगळ्यांनाच दात हवे असतात, त्या काळात फुल माउथची फायनल घ्यायची असेल तर महिनाभर आधी सांगा, आणि चवथीत लॅब बंद असते. पेशंटला तारीख द्यायच्या आधी आम्हाला विचारा.

केस संपली की रात्री घालायचा नाईटगार्ड त्याच मॉडेलवर बनवून देतो, दात खाणाऱ्या पेशंटला तो द्याच. टेम्पररीची आणि फायनलची फाईल आमच्याकडे पेशंटच्या केस नंबरवर ठेवलेली असते, पुढे एखादा दात तुटला तर तो नंबर कळवा, त्याच डिझाईनवरून तेवढाच दात परत बनवता येतो.